मेरी राणीची वकिली नको

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यात बापाला क्रमांक मिळाला : 'आठवा हेन्री'. धाकट्या सावत्र बहिणीला क्रमांक मिळाला : 'पहिली एलिझाबेथ'. मधल्या मेरीलाही रीतसर क्रमांक आहे. पण तो कुणाच्या ओठांवर नाही. तिच्या वाट्याला आली ती शिवी : 'ब्लडी मेरी', रक्तपिपासू मेरी. १५५३ ते १५५८ अशी पाच वर्षे राज्य केलेली ही स्त्री इंग्लंडच्या सिंहासनावर राज्याभिषेक झालेली पहिली राणी होती. परंतु साडेचार शतके उलटून गेली तरी तिचे नाव त्या विशेषणावाचून उच्चारले जात नाही.

आपल्या धर्मग्रामांतील जी मुले इंग्रजी पुस्तकांतून युरोपचा इतिहास वाचतात, त्यांना ही राणी शिवीसकट भेटते आणि ती कॅथलिक होती हेही त्याच वाक्यात कळते. मग एखादा मुलगा घरी येऊन बापाला विचारतो, "पप्पा, ही आपली होती का?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या अभ्यासमंडळात याच प्रश्नावर चर्चा झाली. एका वयोवृद्ध शिक्षकांनी मेरीची बाजू फार तळमळीने मांडली. तिच्यावर झालेला अन्याय, प्रोटेस्टंट इतिहासकारांचा पक्षपात, हेन्री आणि एलिझाबेथ यांची क्रूर कृत्ये, असे सारे त्यांनी तारखांसह सांगितले. भाषण संपताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या. प्रस्तुत लेख त्या टाळ्या परत घेण्यासाठी लिहीत आहे.

वकिलीचा मजकूर

प्रथम, त्या शिक्षकांचे म्हणणे खोटे नव्हते हे मान्य करू या. विरुद्ध बाजूचे बळ लपवून केलेला वाद हा वाद नसतो.

मेरी ही अन्यायाची मुलगी होती. तिचा जन्म १५१६ चा. आई कॅथरीन ही स्पेनच्या फर्डिनंड आणि इझाबेला यांची कन्या. हेन्रीला दुसरे लग्न करायचे होते. रोमने विवाह रद्द करण्यास नकार दिला, तेव्हा १५३३ साली कँटरबरीचे महागुरू थॉमस क्रॅनमर यांनी तो रद्दबातल ठरवला. सतरा वर्षांची राजकन्या एका निर्णयाने अनौरस झाली. तिला तान्ह्या एलिझाबेथच्या परिवारात राहावे लागले. १५३६ च्या जानेवारीत आई मरण पावली. अखेरच्या आजारातही मायलेकींची भेट होऊ दिली गेली नाही. त्याच वर्षी जिवाच्या धाकाने मेरीला एका कागदावर सही करावी लागली : माझ्या आईबापांचा विवाह अवैध होता आणि माझे वडील इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचे मस्तक आहेत.

हेन्रीने तिच्या भोवतालची माणसे एकेक करून टिपली. १५३५ साली महागुरू जॉन फिशर आणि थॉमस मोर यांचा शिरच्छेद झाला. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफिल्ड मैदानावर त्याने एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळले आणि तीन कॅथलिक धर्मगुरूंना देशद्रोही म्हणून फाशी देऊन त्यांच्या देहांचे तुकडे केले. त्या तिघा कॅथलिकांपैकी रिचर्ड फेदरस्टन हे मेरीचे शिक्षक होते. १५४१ साली मेरीला लहानपणी सांभाळणाऱ्या, वृद्ध मार्गारेट पोल यांचे मस्तक उडवले गेले.

आणि एलिझाबेथ? तिच्या राज्यात पावणेदोनशेहून अधिक कॅथलिकांना देहान्ताची शिक्षा झाली. १५८५ च्या कायद्याने, परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवणे हाच राजद्रोह ठरला. १५८१ साली येशूसंघीय एडमंड कॅम्पियन यांना टायबर्न येथे मारण्यात आले. १५८६ साली यॉर्कमधील एका खाटकाची पत्नी मार्गारेट क्लिदरो हिला धर्मगुरूंना आसरा दिल्याबद्दल वजनांखाली चिरडून ठार केले गेले. आपल्या मुलांना साक्षीला उभे करतील म्हणून तिने न्यायालयापुढे जबानीच नाकारली होती. या एलिझाबेथला इतिहासाने 'गुड क्वीन बेस' म्हटले.

मग हा भेद का? वकिलांचे उत्तर असे : कारण इतिहास जिंकणाऱ्यांनी लिहिला. हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. मेरीला मूल झाले नाही. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी ती गेली आणि राज्य एलिझाबेथकडे आले. मेरीच्या काळात परदेशी पळून गेलेले जॉन फॉक्स परतले आणि १५६३ साली त्यांनी आपला प्रचंड हुतात्माग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात चितेवरील माणसांची कोरीव चित्रे होती, त्यामुळे ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही तो 'वाचता' आला. १५७० मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. १५७१ साली धर्मपंडितांच्या सभेने आदेश काढला की प्रत्येक कॅथीड्रलमध्ये हा ग्रंथ ठेवलाच पाहिजे. पिढ्यान्पिढ्या इंग्रज मुलांनी बायबलच्या जोडीला हा ग्रंथ पाहिला. कॅम्पियन आणि क्लिदरो यांची चित्रे मात्र त्यांच्या घरात कधी आली नाहीत.

वकिलीचा हा मजकूर मी मनापासून मांडला आहे. आता तो का टिकत नाही, ते पाहू.

फॉक्स नसता तरी

फॉक्सने रंग भरले असतील; पण जळालेली माणसे त्याने निर्माण केलेली नाहीत. ४ फेब्रुवारी १५५५ रोजी बायबलचे अभ्यासक जॉन रॉजर्स यांना स्मिथफिल्डवर जाळले, तेथून हे सत्र सुरू झाले. पावणेचार वर्षांत सुमारे दोनशे ऐंशी माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत पन्नासहून अधिक स्त्रिया होत्या. राणीच्या मृत्यूच्या अवघे काही दिवस आधीही कँटरबरीत पाच जणांना चितेवर चढवण्यात आले. एलिझाबेथने पंचेचाळीस वर्षांत मारलेल्या कॅथलिकांची संख्या आणि मेरीने चार वर्षांच्या आत जाळलेल्यांची संख्या यांची तुलना करताना आपले वकील वर्षांचा हिशेब विसरतात.

आणि ही माणसे कोण होती? पाखंड शिकवणारे पुढारी, पंडित, धनिक असे सुमारे आठशे जण जर्मनी, स्वित्झर्लंडकडे निसटले. लॅटिमर, रिडली, क्रॅनमर अशी मोठी नावे आपल्या लक्षात राहतात. पण जळणाऱ्यांत बहुसंख्य होते ते लंडन, केंट, एसेक्स, ससेक्स या भागांतील विणकर, मजूर, कारागीर आणि त्यांच्या बायका. ज्या पिढीला राजसत्तेने आधी एक धर्म शिकवला, त्याच पिढीला तो विसरली नाही म्हणून राजसत्तेने जाळले.

डर्बी गावात जोन वेस्ट नावाची एक मुलगी होती. जन्मांध. विणकाम करून ती पोट भरी. पै पै साठवून तिने नव्या कराराची एक प्रत विकत घेतली आणि जो कोणी वाचून दाखवील त्याच्याकडून, प्रसंगी पैसे देऊन, ती रोज थोडे ऐकत असे. १५५६ च्या ऑगस्टमध्ये, बावीस वर्षांची असताना, तिला जाळण्यात आले. पवित्र मिस्सातील ख्रिस्तशरीराविषयी तिने कॅथलिक शिकवण मानली नाही, हा तिचा अपराध. मी स्वतः ती शिकवण पूर्ण श्रद्धेने मानतो. पण ज्या भाकरीत प्रभू स्वतःला मोडून देतो असे आपण मानतो, त्या भाकरीच्या नावाने एका आंधळ्या मुलीला आगीत लोटले गेले, हे वाचल्यावर जोनची चूक मोठी की तिच्या न्यायाधीशांची, याविषयी मला क्षणभरही शंका राहत नाही.

दोन आठवडे

मेरीच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

२१ मार्च १५५६. ऑक्सफर्डमध्ये क्रॅनमर यांना जाळायचे आहे. हेच ते महागुरू, ज्यांनी मेरीच्या आईचा विवाह रद्द केला. तुरुंगात त्यांनी आपली मते मागे घेतली होती. एकदा नव्हे, अनेकदा. पश्चात्ताप करणाऱ्याला चितेवर चढवू नये असा तत्कालीन धर्मन्यायाचाही रिवाज. तरी राणीने ठरवले की क्रॅनमर जळालेच पाहिजेत. अखेरच्या क्षणी, आता गमावण्यासारखे काही उरले नाही हे पाहून, त्यांनी सारी माघार मागे घेतली आणि ज्या हाताने माघारीच्या कागदावर सही केली तो उजवा हात प्रथम ज्वाळेत धरला. एका भेकडाला राणीने हुतात्मा केले. ज्या माणसाची शरणागती ही तिच्या पक्षाची सर्वांत मोठी जीत ठरली असती, त्याचे मरण ही सर्वांत मोठी हार ठरली.

त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत पवित्र गुरुवार आला. त्या दिवशी मेरीने गुडघ्यांवर सरकत एकेचाळीस गरीब स्त्रियांचे पाय धुतले, पुसले आणि त्यांचे चुंबन घेतले. तिची भक्ती पाहून उपस्थित हेलावून गेले. ते पाहणाऱ्या एका इटालियन माणसाने त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे.

वकील म्हणतात, पाहा, ती किती धर्मशील होती! मीही तेच म्हणतो, आणि मला त्याचेच भय वाटते. मेरी ढोंगी असती तर प्रश्न सोपा होता. ती ढोंगी नव्हती. गरिबाचे पाय धुणारे हात आणि गरिबाच्या चितेच्या आज्ञेवर सही करणारे हात एकच होते आणि त्या हातांच्या मालकिणीला त्यात काही विसंगती दिसली नाही. लंडनमध्ये कुणाला जाळायचे तर राजमंडळातील कुणीतरी हजर असावे आणि त्या वेळी चांगली प्रवचने व्हावीत, अशी तिची सूचना होती. आगीशेजारी प्रवचन! ख्रिस्ताच्या नावाने याहून भयंकर वाक्य एखाद्या पुण्यशील माणसाने लिहिले असेल असे मला वाटत नाही.

'काळच तसा होता'

हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. त्याला उत्तर त्याच काळाने दिले आहे.

गादीवर आल्यावर १५५३ च्या ऑगस्टमध्ये खुद्द मेरीने जाहीरनामा काढला होता की, सर्वांच्या संमतीने पुढील व्यवस्था होईपर्यंत कुणावरही धर्माची सक्ती केली जाणार नाही. म्हणजे सक्ती न करता राज्य चालते, ही कल्पना तिला अपरिचित नव्हती. रॉजर्स जळाल्यानंतर सहाच दिवसांनी तिचा पती फिलिप याच्याबरोबर आलेले स्पॅनिश फ्रान्सिस्कन अल्फोन्सो द कास्त्रो यांनी दरबारापुढे या जाळण्याविरुद्ध प्रवचन केले. विशेष म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देण्याच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिलेला हा माणूस. त्यालाही हे पटले नाही. पुढे १५७५ साली एलिझाबेथच्या राज्यात दोन अ‍ॅनाबॅप्टिस्टांना जाळण्याचे ठरले, तेव्हा त्यांना अग्नीपासून वाचवा अशी विनंती करणारे पत्र त्या राणीला कुणी लिहिले? जॉन फॉक्स यांनी. आपण ज्यांना पक्षपाती म्हणून मोडीत काढतो त्या गृहस्थांनी, आपल्याही पक्षाने जाळू नये असे म्हटले. आपल्या पक्षातून मेरीला असे लिहिणारे किती निघाले?

आणि या सर्वांहून जुने उत्तर प्रभूच्या तोंडचे आहे. शेतातील निदण उपटू का, असे चाकरांनी विचारले तेव्हा धन्याने नको म्हटले. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. हा दृष्टान्त सोळाव्या शतकातही मत्तयच्या शुभवर्तमानात होता. काळाने तो झाकला नाही, माणसांनी झाकला.

अलीकडे या वादाला नवे वळण मिळाले आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले कॅथलिक इतिहासकार इमन डफी यांनी २००९ साली एका ग्रंथात असे मांडले की, मेरीचे धोरण आंधळे वा निष्फळ नव्हते. ते योजनाबद्ध होते आणि ती जगली असती तर कदाचित यशस्वीही झाले असते. डफी यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे आणि माणसे जाळणे योग्य होते असे त्यांचे म्हणणे मुळीच नाही. परंतु आपल्यातील काहींनी या ग्रंथाचा उपयोग राणीच्या बचावासाठी चालवला आहे. त्यांना विचारावेसे वाटते : जाळणे कार्यक्षमतेने झाले, ही गोष्ट आरोपीच्या बाजूची की फिर्यादीच्या?

धूर कुणाच्या डोळ्यांत गेला

हेन्री आणि एलिझाबेथ यांची कीर्ती छळाने डागाळली नाही आणि मेरीची डागाळली, हा अन्याय आहे खरा. पण या अन्यायाची किंमत मेरीने फारशी मोजली नाही. ती मरून गेली होती. किंमत मोजली तिच्या धर्मबांधवांनी.

स्मिथफिल्डचा धूर इंग्रज मनातून गेला नाही. त्यानंतर १५७० साली परमगुरू पाचवे पायस यांनी एलिझाबेथला बहिष्कृत केले, १५८८ साली स्पेनचे आरमार आले, १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीस आला. या प्रत्येक घटनेने जुन्या आगीत तेल ओतले. कॅथलिक म्हणजे परक्यांचा हस्तक, कॅथलिक राजा म्हणजे चिता, हे समीकरण पक्के होत गेले. टायटस ओट्स नावाच्या लबाडाने १६७८ मध्ये रचलेल्या खोट्या कटावर लोकांनी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवण्याची सवय शतकभर लागली होती. त्या थापेपायी निरपराध माणसे फासावर गेली. १६८१ साली आयर्लंडचे महागुरू ऑलिव्हर प्लंकेट यांचाही बळी गेला. १७८० साली लंडनमध्ये दंगलखोरांनी कॅथलिकांची प्रार्थनामंदिरे आणि घरे पेटवली. इंग्लंडमधील कॅथलिकाला पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळाला तो १८२९ साली. आणि कॅथलिक व्यक्तीने त्या देशाच्या सिंहासनावर बसू नये हा कायदा आजही कायम आहे. २०१५ साली केवळ कॅथलिकाशी विवाह करण्यावरची बंदी उठली.

धर्मासाठी म्हणून राजदंड उगारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मेरीला इंग्लंड कॅथलिक करायचे होते. तिने कॅथलिक धर्माला इंग्रज माणसाच्या स्वप्नातील बागुलबुवा करून ठेवले.

आपल्या घरातील पाने

येथवर वाचून कुणी म्हणेल, हे सारे विलायतेतले. आपल्याला काय त्याचे? आपला संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात एक मुलगा जन्मला. मेरी वारली तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून उघडपणे जगणे अशक्य झाले. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड याने धर्मासाठी सुमारे तीस वर्षे तुरुंगवास भोगला. हा तरुण रोमला गेला, येशूसंघात शिरला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन्स. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला. एलिझाबेथच्या छळातून निसटलेल्या माणसाने आपल्याला आपली भाषा प्रार्थनेसाठी दिली. छळ सोसणाऱ्यांचे आपण वारस आहोत, हे अभिमानाने म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

पण फादर स्टीफन्स ज्या गोव्यात उतरले तेथे काय चालले होते? १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले होते. 'गोव्यातील औषधींवरील संवाद' लिहिणारे थोर वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये मरण पावले. ते गुप्तपणे यहुदी धर्म पाळत, असा आरोप ठेवून त्यांची बहीण कॅतरीना हिला १५६९ साली जाळण्यात आले; आणि १५८० साली, फादर स्टीफन्स गोव्यात येऊन वर्ष झाले असताना, ऑर्ता यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. मेरीच्या राज्यात १५५७ साली केंब्रिजमध्ये मार्टिन ब्यूसर यांच्या अस्थी अशाच उकरून जाळल्या होत्या. दोन खंड, दोन भाषा, तीच आग. गोव्याच्या न्यायालयापुढे पुढे हजारो लोक उभे राहिले आणि त्यांत नवख्रिस्ती झालेले, आपल्याच रक्ताचे, आपलीच बोली बोलणारे असंख्य होते. जुन्या चालीरीती पाळल्या हा त्यांचा गुन्हा. ते न्यायालय कायमचे बंद झाले १८१२ साली.

आता बिरुदांची गंमत पाहा. पोर्तुगालमध्ये हे न्यायालय ज्याने आणले, तो तिसरा जॉन इतिहासात 'धर्मशील' म्हणून ओळखला जातो. मेरीची आजी इझाबेला, जिच्या राज्यात १४७८ साली स्पॅनिश धर्मन्यायालयाला परवानगी मिळाली आणि जिने १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर काढले, ती 'कॅथलिक राणी' म्हणून गौरवली गेली. १९५८ साली तर तिला वेदीवर चढवण्याची प्रक्रियाही सुरू झाली. आजीला पदवी, नातीला शिवी. कारण काय? आजीच्या देशात तिचा पक्ष जिंकला, नातीच्या देशात नातीचा हरला. म्हणजे 'इतिहास जिंकणाऱ्यांनी लिहिला' ही तक्रार आपण करतो तेव्हा ती अर्धीच असते. जेथे आपण जिंकलो तेथे आपणही तेच केले. ज्यांचे पूर्वज त्या न्यायालयापुढे उभे राहिले, त्यांच्या तोंडी 'धर्मशील' हे विशेषण कसे लागत असेल, याचा विचार आपण कधी केला का?

एकच माप

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. मेरीवर अन्याय झाला असेल तर तो तिला क्रूर म्हटले यात नाही. इतरांना क्रूर म्हटले नाही यात आहे. हा अन्याय दूर करण्याचा मार्ग मेरीला धुऊन काढणे हा नव्हे. माप एकच ठेवावे आणि ते सर्वांना लावावे : हेन्रीला, एलिझाबेथला, इझाबेलाला, पोर्तुगालच्या जॉनला. आपल्या संतांनाही त्यातून सूट नको. थॉमस मोर यांच्या हौतात्म्यापुढे मी नतमस्तक आहे. पण ते चॅन्सेलर असताना सहा पाखंडी जाळले गेले आणि मोर यांना त्यात गैर वाटले नाही, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. संत हा निर्दोष नसतो. तो क्षमेचा गरजू असतो.

ख्रिस्तसभा स्वतः या मार्गावर आपल्यापुढे चार पावले आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सांगितले की धर्माच्या बाबतीत कुणावरही बळजबरी होता कामा नये. तो माणसाच्या प्रतिष्ठेतूनच उपजणारा हक्क आहे. १२ मार्च २००० रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या हिंसेबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. परमगुरू क्षमा मागतात आणि आपण अभ्यासमंडळात टाळ्या वाजवून बचाव करतो, हे चित्र शोभत नाही.

आणि यात आपला आजचा प्रश्नही गुंतलेला आहे. या देशात आपण अल्पसंख्य आहोत. घटनेच्या २५ व्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे आणि त्या कलमाचा आधार आपण वेळोवेळी घेतो. कुठे चर्चवर दगड पडला, कुठे प्रार्थनासभा थांबवली गेली, की आपण न्याय मागतो. तो मागितलाच पाहिजे. पण दुसऱ्याच्या विवेकावर राजसत्तेने टाकलेली आग जर आपण 'काळच तसा होता' म्हणून सोडून दिली, तर उद्या आपल्यावर आग येईल तेव्हा तेच वाक्य आपल्याला कुणी ऐकवले तर आपल्यापाशी उत्तर काय? जो स्वतःच्या घरातील अपराधाला नाव देत नाही, त्याची दुसऱ्याविरुद्धची फिर्याद कोणत्याही न्यायासनापुढे दुबळी ठरते.

म्हणून आपला मुलगा घरी येऊन विचारील, "पप्पा, ही आपली होती का?" तेव्हा हात झटकू नयेत आणि वकिलीही करू नये. त्याला जवळ बसवून सांगावे : होय बाळ, ती आपली होती. तिच्यावर फार अन्याय झाला आणि तिने फार अन्याय केला. ती गरिबांचे पाय धूत असे आणि तिने गरिबांना जाळलेही. डर्बीची ती आंधळी जोन आपल्या धर्माची नव्हती. पण प्रभूचे वचन ऐकण्यासाठी ती पै पै साठवत होती. आज रात्रीच्या रोझरीत आपण त्या दोघींसाठी प्रार्थना करू.

त्या अभ्यासमंडळातील वृद्ध शिक्षक आज हयात नाहीत. ते असते तर हा लेख प्रथम त्यांच्या हाती दिला असता. ते रागावले असते. कदाचित पुढच्या अंकासाठी त्यांनी मला सडेतोड उत्तरही लिहिले असते. ते उत्तर देण्याची जबाबदारी आता वाचकांवर आहे.